बर्फ बोलत नव्हता

एप्रिल लागला की ठाकूरद्वारच्या नाक्यावर आंब्याच्या पेट्या उतरतात आणि त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत परदेशी सहलींच्या पानभर जाहिराती यायला लागतात. पेंढ्यात पिकणाऱ्या हापूसचा वास आणि ताज्या शाईचा वास एकत्र नाकात गेला की माझे पाय अजूनही निघायच्या तयारीला लागतात. वय शहात्तर, गुडघे गेलेले, पासपोर्ट मुदत संपून कपाटात पडलेला. पण पायांना ते कोण सांगणार! आयुष्यातले वीस उन्हाळे मी मराठी माणसांना युरोपच्या उत्तर टोकाकडे घेऊन गेलो. डोक्यावर केशरी टोपी, गळ्यात शिट्टी, दोन्ही खांद्यांवर चिवड्याच्या पिशव्या. आम्ही त्याला ‘सीझन’ म्हणायचो. आमच्या घरात उन्हाळा, आंबा, मुलांची सुट्टी असं काही नव्हतंच. सीझन होता आणि सीझन नव्हता, एवढंच.

यंदाच्या जाहिरातीत पानभर बर्फ आहे. निळसर पांढरी, भिंतीसारखी उभी हिमनदी, तिच्यासमोर कापडी बॅनर धरलेली चाळीस माणसं, आणि कडेला केशरी टोपीतला मी. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘नॉर्वेची हिमनदी! वितळण्याआधी पाहून घ्या!’

मी तो कागद चुरगळला. मग पुन्हा मांडीवर ठेवून सरळ केला, कारण त्यात दुसऱ्या ओळीत फणसवाडीचे नाडकर्णी उभे आहेत आणि ते आता नाहीत. मेलेल्या माणसाचा चेहरा चुरगळता येत नाही.

तो फोटो खोटा आहे. माणसं तिथे उभी होती, बॅनर होता, मी होतो. बर्फ नव्हता. तो मी मुंबईत आल्यावर मागून चिकटवून घेतला. इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही. आता सांगतोय, आणि शांतपणे सांगायला मला जमणार नाही.

जाहिरात आली त्या शनिवारी माझ्या जुन्या सहल कंपनीने मला दादरला बोलावलं होतं. निघण्याआधी प्रवाशांची बैठक असते. भाड्याचा हॉल, खडखडणारे पंखे, कागदी डिशमध्ये बटाटेवडा, आणि ‘तिकडे थंडी किती असते हो?’ हा प्रश्न. हे सगळं माझ्या वेळी होतं तसंच आहे. रोहन नावाचा हल्लीचा टूर लीडर माईक घेऊन उभा होता. चुणचुणीत मुलगा. मला हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं त्याने.

‘‘मंडळी, हे आपले राजाभाऊ काका! तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आईबाबांना यांनी नॉर्वे दाखवलाय. आणि हा बघा त्यांचा फेमस फोटो!’’

पडद्यावर तोच बर्फ आला, भिंतभर. टाळ्या पडल्या. मी उठलो.

‘‘हा फोटो खोटा आहे,’’ मी म्हणालो. ‘‘हा बर्फ तिथे नाही. फोटो काढला तेव्हाही नव्हता.’’

मग पुढच्या रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, ‘‘अगंबाई! मग आम्हाला काय दाखवणार?’’

‘‘काका आज फुल फॉर्मात आहेत!’’ रोहन माईकवर हसला, आणि त्याच्याबरोबर सगळा हॉल हसला. मग कोणी विचारलं की जैन जेवण मिळेल ना, कोणी विचारलं की थर्मलच्या किती जोड्या लागतील, आणि मी उभाच होतो. शेजारच्या गृहस्थांनी माझा हात ओढून मला खाली बसवलं. ‘‘अहो, तिकडचा बर्फ वितळला तर वितळला. आपण बघून तर घेऊ. पुढच्यांना नाही मिळायचा,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा वडा घेतला.

बैठक संपल्यावर मी रोहनला गाठलं. ‘‘तो फोटो काढ जाहिरातीतून.’’

‘‘काय काका! लोक उगाच नर्व्हस होतात. सगळेच जुने फोटो वापरतात. आणि फोटो तुमचाच आहे ना?’’

तुमचाच आहे ना. दादरहून गिरगावपर्यंत बसमध्ये हे तीन शब्द माझ्या शेजारी बसून आले.

मला राग येतो तो त्या जाहिरातीतल्या उद्गारचिन्हाचा. एखादा माणूस आजारी असावा आणि शेजाऱ्यांनी एकमेकांना सांगावं, चला चला, अजून धुगधुगी आहे, बघून येऊ! त्याला भेटायला नव्हे, बघायला. आपण काहीही बघायला जातो. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळा पेपरात छापून येतात, त्या जिवाला जपायला छापतात, आणि आमची माणसं त्याच वेळा पाहून पोरंबाळं घेऊन कठड्यापाशी लाटा बघायला जातात. भाजलेली कणसं खात. हा राग मी करतो खरा, पण त्या रागाला तोंड वर करायला जागा नाही. ‘चला, बघून घ्या’ हे वाक्य या लोकांच्या तोंडात मीच घातलंय. वीस उन्हाळे.

पहिल्यांदा गेलो ते नव्वदच्या दशकात. डोंगराच्या अंगाखांद्यावरून उतरत आलेली ती हिमनदी दरीच्या तळाशी एका छोट्या तळ्यात पाय सोडून बसलेली असायची. बर्चची झाडं नुकती पालवलेली. घोडागाडीतून उतरून वळण घेतलं की आधी तिचा वारा लागायचा. गिरगावात कोणी बर्फाच्या लादीवरचं गोणपाट अचानक उचललं की जसा गार झोत पायावर येतो ना, तसा, पण अख्ख्या अंगावर. मग ती दिसायची. आमच्यातल्या बायका हात जोडायच्या. कोणी सांगावं लागायचं नाही.

तिथे आमचा एक रिवाज होता, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. फणसवाडीतल्या कोकणी मेव्याच्या दुकानातून मी अमृत कोकमच्या बाटल्या न्यायचो. हिमनदीचे तुटलेले तुकडे तळ्याच्या काठाला लागलेले असायचे. ते फोडून स्टीलच्या पेल्यात टाकायचे आणि वरून कोकम ओतायचं. काचेसारखा घट्ट बर्फ आणि त्यावर लालजांभळा रंग. आणि तो बर्फ बोलायचा. कोकम पडलं की तडतड, टिकटिक असा बारीक आवाज यायचा. शेकडो वर्षांपूर्वी बर्फात दाबून अडकलेली हवा सुटते, तिचा तो आवाज. चाळीस मराठी माणसं पेले कानाला लावून तळ्याच्या काठी उभी राहायची. ‘‘ऐका, शिवाजी महाराजांच्या काळातली हवा!’’ मी ओरडायचो, आणि सगळे एकदम गप्प व्हायचे.

हे बघून एक म्हातारा खो खो हसायचा. त्याचं नाव अर्ने. तिथलाच शेतकरी, उन्हाळ्यात घोडागाडी हाकायचा. त्याची मुलगी सिग्रिड आमची तिथली वाटाड्या. अर्नेला कोकम इतकं आवडलं की दर वर्षी त्याच्यासाठी एक बाटली वेगळी न्यायला लागलो. त्याच्याकडे आणखी एक काम होतं. दर शरदात, गर्दी गेल्यावर, तो फीत घेऊन जायचा आणि ठरलेल्या दगडापासून बर्फाच्या कडेपर्यंत माप घ्यायचा. त्याच्या आधी त्याचा बाप घ्यायचा. वहीत एक ओळ, वर्षाला एकच. अधूनमधून तो वाटेवर, जिथवर बर्फ होता तिथे, लाकडी खांब रोवायचा आणि त्यावर लाल रंगात सालाचे शेवटचे दोन आकडे लिहायचा.

त्या पहिल्या वर्षांत बर्फ पुढे येत होता. हो, पुढे! बर्चची झाडं आडवी पाडत, वाट गिळत. मी खूश झालो. माझ्या माणसांना मी सांगायला लागलो की जग तापतंय वगैरे सगळं पेपरवाल्यांचं, इथे बघा, बर्फ वाढतोय.

अर्नेने मला एकदा खांबापाशी थांबवलं. तो इंग्रजी सावकाश, मोजून बोलायचा. ‘‘हा बर्फ आजचा नाही. मागे काही हिवाळे बर्फ फार पडला, तो खाली पोचायला वर्षं लागतात. तो आता पोचलाय. पण उन्हाळे बदललेत. बर्फाच्या या पुढे येण्यावर विश्वास ठेवू नकोस.’’

त्यातलं मी अर्धंच ऐकलं. बर्फ पुढेमागे होतच असतो, एवढं माझ्या कामाचं होतं. तेवढं घेतलं आणि पुढची वर्षं तेच विकलं.

नव्या शतकात शिरलो आणि बर्फ मागे सरायला लागला. आधी तळ्याच्या काठाला लागणारे तुकडे कमी झाले. मग तळ्यातून त्याने पाय काढला. पुढच्या मे महिन्यात जावं तर गेल्या वर्षी जिथे निळी भिंत होती तिथे राखाडी खडक, घासून गुळगुळीत झालेला, ओला, नागडा. आणि पाण्याचा आवाज. दरीभर सगळीकडून पाणी वाहत होतं. प्रवासी म्हणायचे, किती छान धबधबे! मी म्हणायचो, हो ना! वाऱ्यातला तो गार झोत आता वळणावर भेटत नव्हता. आपल्याला ओळखणारं माणूस दार उघडायला आलं नाही की जसं वाटतं तसं मला त्या वळणावर वाटायचं, आणि त्याच क्षणी मागे वळून मी ओरडायचो, ‘‘चला मंडळी, आता येणारच हं हिमनदी!’’

ज्या सीझनबद्दल मला सांगायचंय तो त्यानंतरचा. नाडकर्णी पतिपत्नी माझ्याबरोबर होते. नाडकर्णींची सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात, तलावांची पातळी वहीत उतरवायच्या टेबलावर गेली होती. किडकिडीत, चौकटीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. कुठेही गेले की खिशातून एक छोटी वही काढायचे आणि काहीतरी टिपून ठेवायचे. वहिनी त्यांच्या उलट. बोलक्या, खोडकर, बसमध्ये भेंड्यांच्या म्होरक्या.

बर्फ तळ्याच्या पलीकडे, पार वर, दोन कड्यांच्या बेचक्यात जाऊन बसला होता. तुकडे नव्हते. मला ते ठाऊक होतं. म्हणून सकाळीच हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मी थर्मासभर बर्फाचे चौकोनी तुकडे भरून आणले होते, आणि वाटेत मुठीने फोडून त्यांचे कोपरे घालवले होते. तळ्याच्या काठी, दगडाआड वाकून, मी ते पेल्यांत टाकले आणि वरून कोकम ओतलं.

‘‘घ्या मंडळी, हिमनदीचा बर्फ!’’

लोकांनी पेले कानाला लावले. वहिनींनी बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘राजाभाऊ, आज बर्फ बोलत नाहीये हो.’’

‘‘वारा आहे वहिनी, ऐकू येत नाही.’’

वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. नाडकर्णींनी पेल्यातला एक तुकडा बोटांनी उचलला, उन्हात धरून पाहिला आणि परत टाकला.

मग ग्रुप फोटो. त्या काठावरच अर्नेचा एक खांब होता, बर्फ पुढे आलेल्या वर्षाचा. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून मी बॅनर बरोबर त्याच्यापुढे धरायला लावायचो. पण नाडकर्णींनी आधीच पाहिलं होतं. ‘‘हा आकडा कसला हो?’’

‘‘गाडीवाल्यांच्या स्टॉपचा नंबर.’’

‘‘एवढ्या आत कुठली गाडी येते?’’ त्यांनी शांतपणे विचारलं. पोरं हसली. मी शिट्टी फुंकली. माझ्याकडे दुसरं उत्तर नसलं की मी शिट्टी फुंकायचो.

फोटो झाला आणि नाडकर्णी नाहीसे झाले. बस सुटायची वेळ झाली तरी पत्ता नाही. मी शिट्ट्या फुंकून फुंकून लाल झालो. बऱ्याच वेळाने तळ्याच्या कडेकडेने खडकांवरून तोल सावरत ते येताना दिसले, घोट्यापर्यंत भिजलेले. ‘‘जरा पलीकडे जाऊन आलो,’’ एवढंच म्हणाले. चाळीस माणसांसमोर मी त्यांना झापलं. पासष्टीच्या माणसाला, शिस्त म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओले मोजे पिळले. तो झापण्याचा आवाज मला आजही माझ्याच घशातून ऐकू येतो. खोटं बोलणारा माणूस शिस्तीवर फार जोरात बोलतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नव्हतं तरी कसं म्हणू!

मुंबईला आल्यावर फोटो पाहिला. राखाडी खडक आणि त्यापुढे चाळीस हसरे चेहरे. एखाद्या खाणीत सहल गेल्यासारखे. दर पावसाळ्यात आम्ही प्रवाशांचा मेळावा करायचो, सगळ्यांना फोटो द्यायचो, आणि तो फोटो बघून दिवाणखान्यात पाहुणे म्हणायचे, आम्हालाही जायचंय. खाण बघून कोण येणार? तेव्हा मी चर्नी रोडला एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे गेलो. बाबी त्याचं नाव. तो लग्नाच्या फोटोंत गैरहजर मामा-काकांना आणून बसवायचा, त्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्याला मी सुरुवातीच्या वर्षांतला, बर्फ भरात असतानाचा फोटो दिला.

‘‘हा मागे लावायचा? अरे, कायच्या काय सोपं,’’ बाबी म्हणाला. ‘‘पण राजा, सावल्या उलट्या पडतायत हां.’’

‘‘सावल्या कोण बघतं?’’

खाली त्याने झोकदार अक्षरांत लिहिलं, ‘नॉर्वे’, आणि पुढे साल. फोटोच्या त्या दिवसाचं साल, आणि मागे कित्येक वर्षांपूर्वीचा बर्फ. पुढची चार-पाच वर्षं मी तेच करत राहिलो. मूळ फोटो मी फाडून टाकले. दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीने विचारलंही नव्हतं. मी बाबीवर ढकलू शकत नाही, कंपनीवर ढकलू शकत नाही. रात्रंदिवस ढकलून पाहिलंय.

त्या पहिल्या खोट्या फोटोनंतरच्या मे महिन्यात मी आणखी एक गोष्ट केली. त्या फोटोची एक फ्रेम अर्नेला भेट म्हणून नेली. का नेली, ते मला अजून उलगडलेलं नाही. कदाचित त्याच्या नजरेतून तो फोटो सुटला की जगाच्या नजरेतून सुटेल, असं वाटलं असेल. अर्नेने फ्रेम लांब धरून पाहिली. जो माणूस जन्मभर त्या बर्फाची कड फितीने मोजत होता त्याच्यासमोर मी उभा होतो आणि हसत होतो. त्याने बॅनरवर बोट ठेवलं. ‘‘याच्या मागे माझा खांब आहे,’’ तो म्हणाला. बस्स, एवढंच. फ्रेम त्याने उपडी करून बाकावर ठेवली.

मी घाईने कोकमचा पेला पुढे केला. थर्मासमधला बर्फ घातलेला. त्याने पेला घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले. मग एक घोटही न घेता पेला माझ्या हातात परत दिला आणि घोड्याकडे गेला.

त्यानंतर मी त्याचा राग करायला लागलो. खरं सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो. ज्याने मला एक शब्द लावला नाही, त्याचा राग. त्याच्यासाठी बाटली नेणं बंद केलं.

यंदा जाहिरातीच्या आधी तीन आठवडे सिग्रिडचं पत्र आलं, ई-मेलवर. अर्ने गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. गावाने हिमनदीच्या आठवणींचं एक छोटं दालन करायचं ठरवलंय, गावकऱ्यांचे आणि पाहुण्यांचे जुने फोटो, आणि मध्ये अर्नेची वही. तिने लिहिलं होतं, ‘तुमची फ्रेम वडिलांच्या कपाटात सापडली. त्यावर साल आहे. फोटोत त्या साली बर्फ तळ्यात उतरलेला दिसतो. वडिलांच्या वहीत त्याच सालासमोर बर्फ तळ्याबाहेर गेल्याची नोंद आहे. इथे काही लोक म्हणतात की म्हातारा थकला होता, त्याचं माप चुकलं असेल, फोटो कसा चुकेल? म्हणतात, वहीची ती शेवटची पानं दालनात नको ठेवूया. तुम्ही त्या दिवशी तिथे होता. कोणाचं बरोबर आहे?’

तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही. रोज उघडायचो, वाचायचो, बंद करायचो. मला वाटत होतं की माझं खोटं मुंबईतल्या चाळीस भिंतींवर आहे, कोणाचं काय बिघडतंय त्यात? तर ते तिकडे जाऊन एका मेलेल्या माणसाची वही खोटी पाडत बसलं होतं. अर्नेच्या बापाचं माप, अर्नेचं माप, दोन जन्मांचं काम, आणि त्याच्या विरोधात साक्षीला उभा मी, केशरी टोपीत, हसत.

दादरच्या बैठकीतून आलो त्याच संध्याकाळी मी तिला लिहायला बसलो आणि थांबलो. नुसतं ‘फोटो खोटा आहे’ म्हणून भागेल? त्या हॉलने माझ्या तोंडावर हसून दाखवलं होतं. तिथलेही म्हणतील, हाही म्हाताराच. मूळ फोटो मी फाडलेले. बाबी गेला, त्याच्या स्टुडिओच्या जागी टॉवरचा पार्किंगचा मजला आहे. पुरावा हवा होता आणि तो मीच नष्ट केला होता. मग आठवली ती खिशातली छोटी वही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसवाडीत गेलो. हातात अर्धा डझन आंबे. वहिनी चौऱ्याऐंशीच्या झाल्यात, काठी घेऊन चालतात, जीभ मात्र तशीच.

‘‘कोण, राजाभाऊ? या. अजून शिट्टी आणलीत की काय?’’

समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. त्याच्याखाली नाडकर्णींचा एकट्याचा, हार घातलेला. मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. बर्फ, बाबी, थर्मास, अर्नेची वही, सिग्रिड. वहिनी ऐकत होत्या. आंबे माझ्या मांडीवर तसेच.

‘‘वारा नव्हता त्या दिवशी,’’ सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या.

‘‘नव्हता.’’

‘‘मी यांना म्हटलं होतं, माझे कान गेले बहुतेक. सहलीहून आल्यावर डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घेतले मी, राजाभाऊ.’’

मला वर बघवेना. त्यांनी काठीने कपाटाकडे बोट दाखवलं. ‘‘खालच्या खणात आहेत यांच्या वह्या. तुमचं तुम्ही शोधा. मला वाकवत नाही.’’

सापडली. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. त्या दिवसाचं पान होतं. त्यावर एक छोटा फोटो डकवलेला, कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली नारिंगी तारीख. खांब, त्यावरचे लाल आकडे, मग तळं, मग खडक, आणि फार लांब, वर बेचक्यात, बर्फ. खाली लिहिलं होतं :

‘काठाला बर्फ नाही. आकड्याच्या खांबापासून बर्फाच्या कडेपर्यंत चालत गेलो, पावलं मोजली.’ मग पावलांचा आकडा. तो मी इथे लिहीत नाही, तो आधी अर्नेच्या वहीशेजारी जायला हवा. त्याखाली, ‘कोकमात हॉटेलचा बर्फ. राजाभाऊ स्टॉपचा नंबर म्हणाले. उशीर झाल्याबद्दल रागावले. माणूस वाईट नाही. घाबरलेला आहे.’

ज्याला मी शिस्त शिकवत होतो तो ओल्या मोज्यांनिशी मोजून आला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पातळी बघायची आणि वहीत उतरवायची, निवृत्त झाल्यावरही, सात समुद्र ओलांडूनही. त्या बर्फाशी त्याचा काय संबंध? आणि तरी, त्या सबंध दिवसात, हिमनदीला भेटायला गेलेला आमच्यातला तो एकटाच. बाकी आम्ही बघायला गेलो होतो.

तिथेच बसून मी फोनने पानाचा फोटो काढला आणि सिग्रिडला पाठवला. सोबत लिहिलं, ‘तुझ्या वडिलांची वही बरोबर आहे. माझा फोटो खोटा आहे, मी तो मुद्दाम करून घेतला. हे पान माझ्या एका प्रवाशाचं आहे. दालनात माझा फोटो लावायचा असेल तर खोटा म्हणून लाव, माझं नाव घालून.’

मग मी उठलो आणि भिंतीवरची फ्रेम काढली. ‘‘हा मी घेऊन जातो, वहिनी.’’

‘‘खबरदार! दोघांचा एकत्र असा शेवटचा फोटो आहे तो. परत ठेवा.’’

‘‘मग निदान याच्या मागे लिहून देतो. खरं काय ते.’’

‘‘मागे? मागचं कोण वाचणार, भिंत? पुढे लिहा.’’

‘‘फोटो खराब होईल.’’

‘‘तो तुम्ही केव्हाच केलात.’’ त्यांनी कॅलेंडरवर औषधांच्या खुणा करायचं काळं स्केचपेन माझ्याकडे सरकवलं.

मी फ्रेमच्या मागचे बारीक खिळे काढले, काच बाजूला केली. नाडकर्णी चौकटीच्या शर्टात उभे होते, सावली एकीकडे, बर्फावरचं ऊन दुसरीकडे. मी लिहायला हात टेकवला तर वहिनींची काठी जमिनीवर आपटली.

‘‘यांच्या डोक्यावर नको! वर लिहा, त्या बर्फावर. मोठ्ठं.’’

मी लिहिलं, ‘हा बर्फ खोटा आहे. माणसं खरी आहेत.’ खाली माझं पूर्ण नाव. अक्षर जरा वाकडं आलं, पण दारातून वाचता येईल इतकं मोठं आलं. जागा भरपूर होती.